प्रगत लोकांच्या चुकांची वही

सिल्वाशातल्या आमच्या डोकमर्डीच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष परग्रहावरच्या लोकांवर फार जीव टाकतात. खालच्या मजल्यावरचे कामगार मोटरसायकली कुठे लावतात यावरून ते रोज भांडतील, पण हजारो प्रकाशवर्षं दूर राहणाऱ्यांबद्दल बोलताना त्यांचा आवाज ओला होतो. लांबच्यांवर प्रेम करणं सोपं असतं, ते मोटरसायकल लावायला येत नाहीत. हे साहेब मूळचे पुण्याचे, आणि आम्ही नवरा-बायको ज्या कारखान्यात काम करतो तिथले प्रॉडक्शन मॅनेजर. मी तिथल्या लॅबमध्ये धाग्याची ताकद तपासते. मी सांगते आहे त्या वर्षी माझा नवरा मेंटेनन्सला फिटर राहिला नव्हता, पूर्वी होता. 'होता' हा शब्द लिहिताना अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, पण ते पुढे येईलच.

दर गणपतीला आमचं मंडळ हलता देखावा करतं. पुतळे मान हलवतात, चाकं फिरतात, आणि लाउडस्पीकरवर आधी रेकॉर्ड केलेलं निवेदन चालतं. किलवणीपासून खेरडीपर्यंतच्या गावांतले लोक बघायला येतात, म्हणून साहेबांना तो भारी हवा असतो. त्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक भरली आणि साहेबांनी जाहीर केलं, "यंदा किल्ला नाही, देव-दानव नाहीत. यंदा प्रगत परग्रहवासी! व्हिजन पाहिजे, व्हिजन."

मग त्यांनी आम्हाला अर्धा तास विश्व समजावून सांगितलं. संस्कृती किती प्रगत आहे हे ती किती ऊर्जा वापरते यावरून ठरतं म्हणे. पहिल्या पायरीचे लोक आपल्या ग्रहाची सगळी ऊर्जा वापरतात, दुसऱ्या पायरीचे आपल्या सूर्याभोवती आरशांचं कडं बांधून सूर्यच पिऊन टाकतात, तिसऱ्या पायरीचे अख्खी दीर्घिका. तिथे कुणाला काम करावं लागत नाही. सगळं आपोआप चालतं. माणसं आठ फुटी, चंदेरी, आणि त्यांच्याकडून चूक होत नाही.

मी म्हणाले, "म्हणजे ज्याचं लाइटचं मीटर जोरात पळतं तो सुसंस्कृत? मग या जिल्ह्यात आपल्या इंडस्ट्रियल एस्टेटइतकं सुसंस्कृत कुणीच नाही."

दोघे-तिघे हसले. साहेबही हसले, पण त्यांनी मनात नोंद केली हे मला दिसलं. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं बीएस्सी फिजिक्स आहे ना? मग निवेदन तुम्हीच लिहा आणि वाचा. तुमचा आवाज अगदी स्वच्छ आहे, धुळ्याच्या वाटतच नाही तुम्ही." ही त्यांच्या मते स्तुती होती. मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "आणि हलवायचं काम आपल्या फिटरचं. जमेल ना रे, त्या हातानं?"

नवरा म्हणाला, "जमेल, साहेब."

त्या हाताबद्दल सांगायला हवं. आदल्या वर्षी नवऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली. आमच्याकडे धागा गरम होऊन रोलरवरून पळतो. कधीकधी तो रोलरलाच गुंडाळला जातो. मग झाकण उघडून वाकड्या ब्लेडने तो कापून काढायचा असतो. झाकण उघडलं की एक खटका सुटतो आणि मशीन थांबतं, थांबायला हवं. त्या दिवशी थांबलं नाही. नवऱ्याने मला सांगितलं की खटका बिघडलेला होता, साहेबांना सांगूनही त्यांनी तो बदलू दिला नाही. आणि अपघाताच्या कागदावर काय लिहिलं गेलं? कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. नवऱ्याचा हात बांधलेला होता, त्याच्या वतीने सही करताना मी ते वाक्य वाचलं. त्या वाक्यामुळे नवऱ्याला मेंटेनन्समधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते कळायचं, तो आता बेअरिंगचे डबे मोजून देत होता. वर्षभर माझी एकच मागणी होती. ते वाक्य खोडा आणि माझ्या नवऱ्याला त्याचं काम परत द्या. मी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा साहेब म्हणाले, "बघू या, वहिनी."

बैठकीनंतर मला बाजूला घेऊन तेच म्हणाले, पण जरा वेगळं. "देखावा छान होऊ दे. गणपती झाले की मेंटेनन्सचं बघू. वातावरण चांगलं ठेवू या."

मी वातावरण चांगलं ठेवायला बसले, म्हणजे निवेदन लिहायला. लॅबमध्ये दोन नमुन्यांच्या मध्ये जो वेळ मिळायचा त्यात लिहायची. आणि खरं सांगते, राग आलेला असताना मला त्या कामात जेवढी मजा आली तेवढी कॉलेज सुटल्यापासून आली नव्हती. एमएस्सी करायचं होतं, तारे शिकायचे होते. लग्न झालं आणि मी सिल्वाशात पॉलिएस्टर शिकले.

साहेबांचे चंदेरी लोक मी आधी बाजूला सारले. म्हटलं, खरोखर कुणी एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जायचं ठरवलं तर काय होईल? अंतरं इतकी मोठी की निघालेला माणूस पोचणार नाही. त्याची मुलं पोचणार नाहीत. नातवंडं, पतवंडं यानातच जन्मतील, यानातच म्हातारी होतील, आणि त्यांना निघालेलं घरही माहीत नसेल आणि पोचायचं घरही. वाटेत गॅरेज नाही. तिथली हवा फिरवणारा पंखा कुणीतरी पुसायचा आहे. पाण्याची गाळणी कुणीतरी बदलायची आहे. हजार वर्षं यान थांबवता येणार नाही, आणि चालू यानात हात घालून दुरुस्ती करायची आहे. सगळं आपोआप चालतं म्हणे! आपोआप चालणारं यंत्र कसं चालतं हे फिटरच्या बायकोला सांगू नका.

मग मला सुचलं की अशा यानात सगळ्यात मौल्यवान वस्तू इंजिन नसेल. ती एक वही असेल. आज काय बिघडलं, कुणाच्या हातून, का, हे रोज त्यात लिहायचं. वाचणारा अजून जन्मलेला नाही. तीनशे वर्षांनी तोच बिघाड पुन्हा होईल तेव्हा तो ती वही उघडेल. त्यात आज कुणी आपली लाज राखायला खोटं लिहिलं, तर तीनशे वर्षांनी यानातलं अख्खं गाव मरेल. म्हणजे ताऱ्यांपर्यंत तेच लोक पोचतील ज्यांना चूक खरी लिहायची सवय आहे. बाकीचे कुठे गेले? बाकीचे आपापल्या ग्रहावरच संपले. आकाश इतकं गप्प का आहे याचंही उत्तर मला तिथेच मिळालं. त्यांना शत्रूने मारलं नाही, उल्का पडली नाही. त्यांच्या वह्यांत सगळं ठीक आहे असं लिहिलेलं होतं.

हे सगळं मी निवेदनात घातलं. आणि मध्यावर एक वाक्य घातलं, ज्याच्यासाठी मी बाकीचं लिहिलं होतं असं म्हटलं तरी चालेल. 'या लोकांत यंत्राने हात खाल्ला, तर हाताचा दोष लिहिण्याआधी ते यंत्राची साक्ष घेतात.' ते लिहून झाल्यावर मी लॅबमध्ये एकटीच हसले. म्हटलं, ऐका आता साहेब, तुमच्याच लाउडस्पीकरवर, दहा दिवस, रोज पाच वेळा.

नवरा इकडे देखावा बांधत होता. धागा गुंडाळायच्या कागदी नळ्यांचे त्याने मनोरे केले, प्लास्टिकच्या ड्रमचं यान केलं. साडीच्या दुकानातून आणलेल्या चार जुन्या पुतळ्यांना चंदेरी रंग दिला. त्यातल्या एकीचं नाक तुटकं होतं. मोठ्या बल्बभोवती आरशाच्या तुकड्यांचं कडं फिरायचं आणि हॉलच्या भिंतींवर उजेडाचे ठिपके पळायचे. तीन बोटं आणि डावा हात एवढ्यावर त्याने ती सगळी चाकं बसवली. मला त्याचा अभिमान वाटला, आणि तो त्याच्या तोंडावर न सांगता मी साहेबांवर आणखी चिडले. आमच्याकडे प्रेमाचा हाच रस्ता आहे.

रेकॉर्डिंग दोन आठवड्यांनी, रविवारी दुपारी झालं. साहेब खुर्ची ओढून समोर बसले. यान, वही, गप्प आकाश, सगळं त्यांनी मान डोलवत ऐकलं. यंत्राच्या साक्षीचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे काढू या, वहिनी."

"का?"

"लोक भक्तीने येतात. हात खाल्ला वगैरे बरं दिसत नाही."

"मग काय बरं दिसेल?"

त्यांनी माझ्याच कागदावर माझ्याच पेनने लिहिलं आणि कागद परत दिला. 'त्या संस्कृतीत अपघात होत नाहीत, कारण तिथला प्रत्येक जण आपलं काम लक्ष देऊन करतो.' अपघाताच्या कागदावरचंच वाक्य, फक्त नवे कपडे घालून आलेलं. आणि ते मी वाचायचं होतं, माझ्या स्वच्छ आवाजात.

मी म्हणाले, "हे मी वाचणार नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने स्वतः वाचावं."

 साहेब शांतपणे म्हणाले, "घरी विचार करा. यजमानांनाही विचारा." मी पुतळ्यांकडे पाहिलं. तुटक्या नाकाची चंदेरी बाई मान हलवत होती.

घरी आल्यावर मी ताट वाढलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. साहेब, त्यांचं पुणं, त्यांचं व्हिजन, कुणाला सोडलं नाही. नवरा जेवत होता. अंगठा आणि करंगळीकडच्या दोन बोटांनी घास धरायला तो शिकला आहे, पण भात सांडतो. माझं संपल्यावर तो खाली बघत आमच्या अहिराणीत म्हणाला, "वाची टाक. ते वाक्य खोटं नही शे."

मला वाटलं तो घाबरला. मी म्हटलं, खटका बिघडलेला असताना तुमचा दोष कसा?

"खटका बिघडेल नव्हता," तो म्हणाला. "मी बांधेल व्हता. मनाच हातनी गाठ."

आणि मग त्याने सगळं सांगितलं. झाकण उघडून मशीन थांबलं की त्यावरचे सगळे धागे तुटतात. पुन्हा ओवायला तासभर जातो, आणि त्या तासात वरून तीन फोन येतात. म्हणून खटका दाबलेलाच राहील असा त्याला धाग्याने बांधून टाकायचा. झाकण उघडं, मशीन चालू. खराब धाग्याचे चार पेड आणि एक खास गाठ, जी कंपनाने सुटत नाही. ती गाठ नवऱ्याने शोधली होती. खात्यात तिचं कौतुक होतं. बाराही मशीनवर त्याचीच गाठ होती, आणि खानदेशातून नवा येणारा प्रत्येक ऑपरेटर धागा ओवायच्या आधी ती गाठ शिकायचा. साहेबांनी बांध असं कधी सांगितलं नव्हतं. मशीन थांबता कामा नये एवढंच ते रोज सांगत, आणि बांधलेल्या खटक्यांसमोरून रोज चालत जात.

"माले कसाले सांगं नही?" मी विचारलं. माझ्या तोंडून धुळं बाहेर आलं.

"तू वर्षभर साहेबले शिव्या देत राहिनी," तो म्हणाला. "माले बरं वाटे."

मला इतका राग आला की मी त्याच्या पुढचं ताट उचललं. साहेबांचा राग मी वर्षभर पोसला होता, त्याला जागा माहीत होती. या रागाला घरात कुठे ठेवावं ते कळेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि मी शहाणी, दोन आठवडे लॅबमध्ये बसून विश्वातल्या लोकांना चूक खरी कशी लिहावी ते शिकवत होते. ज्या खऱ्या नोंदीसाठी मी तीनदा अर्ज केला, ती खरी लिहायची तर अशी झाली असती: खटका फिटरने बांधला, आणि तो बांधलेला आहे हे मॅनेजर रोज बघत होते. दोन ओळी. त्यातली दुसरी ओळ लाउडस्पीकरवर ओरडून सांगायला मी एका पायावर तयार होते. पहिली मला शेजारणीच्या कानातही सांगवली नसती.

संध्याकाळी मी हॉलमध्ये गेले आणि साहेबांचं वाक्य वाचलं. एका दमात, न चुकता. साहेब म्हणाले, "वा, वहिनी! काय फील आणलात." त्यांना वाटलं मी वातावरण चांगलं ठेवलं. मी फक्त माझ्या वहीत खोटं लिहिलं.

नवऱ्याला मात्र मी एक अट घातली होती. मी ते वाचेन, पण बाराही मशीनवरच्या गाठी तुम्ही स्वतः सोडवून यायच्या.

तो गेला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरमधून निघून तो खात्यात गेला आणि एकेक गाठ सोडवू लागला. लॅबच्या काचेतून मला तो दिसत होता. बांधताना दोन हातांनी सहज बांधलेली गाठ आता त्याला सोडवता येत नव्हती, तो दात लावत होता. चौथ्या मशीनवर ऑपरेटर आडवा आला. आमच्याच तालुक्यातला, आमच्याच बरोबर इथे आलेला, नवऱ्याला दादा म्हणणारा. तो काचेपलीकडून ऐकू येईल इतक्या मोठ्याने ओरडला, "दादा, तुना हात गया म्हनीसन आमना धागा तोडशी का?"

सगळे हसले. नवराही हसला. ते हसणं बघून मी त्या सगळ्यांना मनात अशा शिव्या घातल्या की लिहायची सोय नाही. नवऱ्याने तरी बारावं मशीन होईपर्यंत थांबून काम पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नमुने आणायला खात्यात गेले तेव्हा बाराही खटके बांधलेले होते. गाठ तीच, पक्की. चांगलं शिकवलं होतं त्याने.

मग गणपती बसले. दहा दिवस, रोज पाच वेळा, डोकमर्डीवर माझा आवाज फिरत राहिला. त्या संस्कृतीत अपघात होत नाहीत. मी स्वयंपाक करताना, दळण आणताना, कपडे वाळत घालताना तो ऐकला. कारण तिथला प्रत्येक जण आपलं काम लक्ष देऊन करतो. खेरडीहून आलेल्या एका बाईने माझा हात धरून सांगितलं, "ताई, ते लोक किती चांगले असतील ना!" मी तिला म्हटलं, "ते खोटं आहे." ती दचकली. मग मी हसून, देखावा आहे हो, असं म्हणून वेळ मारून नेली. पहिल्या रांगेत आमचे ऑपरेटर बायका-पोरांना घेऊन बसायचे. आरशांचं कडं फिरलं, यान उडालं की ते दहाही बोटांनी टाळ्या वाजवायचे. नवरा मागे मोटारीपाशी उभा असायचा. तोही वाजवायचा. त्याच्या टाळीचा आवाज निराळा येतो, तो मला गर्दीतही ओळखू येतो.

साहेबांनी शब्द पाळला. हे मान्य करायला मला जड जातं, पण पाळला. अपघाताच्या कागदावरचं वाक्य आहे तिथेच राहिलं, मात्र विसर्जनानंतरच्या पंधरवड्यात नवऱ्याला परत मेंटेनन्समध्ये घेतलं. पहिल्या दिवशी तो सकाळी लवकर उठला, जुने बूट पुसले, पान्ह्यांची पेटी काढली. कितीतरी दिवसांनी तो आंघोळ करताना गुणगुणत होता. मी डब्यात त्याच्या आवडीची शेवभाजी दिली आणि मला वाटलं, झालं ते झालं, खोटं वाचलं पण माणूस तर परत मिळाला.

चार वाजता तो घरी आला. हात धुतले, पाटावर बसला. मी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, कसा गेला दिवस. त्याने चहावर फुंकर घातली.

"बारा नंबरले धागा सारखा गुंडाळाय जात व्हता," तो म्हणाला. "खटक्यानी गाठ सुटी गयी व्हती. मीच बांधी परत."

"कोनी सांगं?" मी विचारलं.

"कोन्हीच नही."